वीझल म्हणजे मुंगूस नव्हे, बरं का!

आधी एक कबुली. काही आठवड्यांपूर्वी याच पानावर एका गाजलेल्या फोटोखाली जी ओळ छापून आली, ती मी लिहिली होती. फोटो तुम्हीही कधी ना कधी फॉरवर्ड केला असेल. लंडनजवळच्या हॉर्नचर्च कंट्री पार्कमध्ये मार्च २०१५ मध्ये एका हौशी फोटोग्राफरने तो टिपला होता. हिरवा पक्षी हवेत आहे आणि त्याच्या पाठीवर एक चिमुकला तपकिरी प्राणी बसलाय, जणू काही रिक्षाच केलीये. प्रत्यक्षात राइड वगैरे काही नव्हती. तो प्राणी त्या पक्ष्याला मारून खायला आला होता आणि पक्षी जीव वाचवायला उडाला होता. (पक्षी वाचला. काळजी नसावी.)

मी ओळ लिहिली होती, ‘पाठीवर मुंगूस, सुतार पक्षी खूश!’

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या लँडलाइनवर फोन आला. पलीकडे एक आजी. नाव सांगितलं नाही, पण चाळीस वर्षं कॉलेजात झूलॉजी शिकवलं एवढं मात्र आवर्जून सांगितलं. “बाळ, ती ओळ तू लिहिलीस का? मग मला सांग, इंग्लंडच्या रानात मुंगूस आलं कुठून?”

मी म्हटलं, “सॉरी मॅडम.”

“सॉरी नको. वीझल कोण आणि मुंगूस कोण, ते एकदा शोध. मग मला वाचायला दे.”

चूक कशी झाली तेही सांगते. फोनवरच्या ट्रान्सलेटरने ‘वीझल’चा अर्थ दाखवला होता ‘मुंगसासारखा एक प्राणी’. कॅप्शनला जागा कमी असते, म्हणून मी ‘सारखा’ उडवला. सगळा घोळ त्या तीन अक्षरांत आहे.

सर्नवालेही फसले होते

माझ्या सोबतीला मोठी माणसं आहेत. एप्रिल २०१६ मध्ये जिनिव्हाजवळचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे हिग्ज बोसॉनवाला, अचानक बंद पडला. एका प्राण्याने ट्रान्सफॉर्मरच्या तारा गाठल्या होत्या, शॉर्टसर्किट झालं आणि तोही गेला. जगभर हेडलाइन झाली, ‘वीझलने जगातलं सर्वांत मोठं यंत्र बंद पाडलं’. नंतर कळलं की तो वीझल नव्हताच, बीच मार्टेन होता. मार्टेन म्हणजे वीझलचा चुलतभाऊ म्हणा, पण आकाराने बराच मोठा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक मार्टेन तसाच गेला. तो आता पेंढा भरून रॉटरडॅमच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ठेवलाय.

फरक एवढाच की त्या मंडळींनी निदान कुटुंब तरी बरोबर पकडलं होतं. मी कुटुंब तर सोडाच, गावही चुकवलं.

मग हा वीझल कोण?

फोटोतला प्राणी म्हणजे लीस्ट वीझल. शास्त्रीय नाव मस्टेला निव्हॅलिस. वर तपकिरी, पोट पांढरं, शेपूट बोटभर. मांसाहारी गणातला, म्हणजे वाघ, लांडगा, अस्वल ज्या गणात येतात त्यातला, जगातला सर्वांत छोटा प्राणी. उत्तर अमेरिकेतल्या माद्या तीस-चाळीस ग्रॅमच्याही असतात. लिंबू घेऊन तळहातावर ठेवा, साधारण तेवढं वजन. नर त्याहून बराच मोठा, आणि दक्षिणेकडचे नर तर आणखी दांडगे.

शरीर असं सुरळीसारखं का? कारण त्याचं जेवण बिळात राहतं. शेतातले उंदीर ज्या बोळातून पळतात त्याच बोळातून हा त्यांच्यामागे जातो. मांजर बिळाबाहेर वाट बघत बसतं, वीझलला वाट बघावी लागत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. बारीक आणि लांब शरीरातून उष्णता भराभर निघून जाते, म्हणून स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास रोज खावं लागतं. हॉस्टेलच्या मेसमध्ये असा मेंबर परवडणार नाही.

याचा सख्खा शेजारी स्टोट. दोघं एकाच प्रजातीतले, दिसायला इतके सारखे की इंग्रज शेतकरीही गडबडतात. खूण शेपटीची. स्टोटच्या शेपटीचं टोक काळं असतं, वीझलचं नसतं. पण खरी गंमत बाहेरून दिसत नाही. वीझलची मादी पाच आठवड्यांत पिल्लं देते. स्टोटच्या मादीच्या पोटात गर्भ सुरुवातीलाच थांबतो, नऊ-दहा महिने तसाच पडून राहतो आणि मग वाढायला लागतो. हिवाळ्यात स्टोट पांढराशुभ्र होतो, तेव्हा त्याला अरमाइन म्हणतात. युरोपातल्या राजांच्या झग्यांवर पांढऱ्या कडेत काळे ठिपके दिसतात ना, ती या शेपट्यांची टोकं. एकेका झग्यामागे किती शेपट्या असतील, मोजा.

‘पाणमांजर’ कुत्र्याकडचं, मुंगूस मांजराकडचं

आता मूळ मुद्दा. शाळेतली उतरंड आठवतेय? सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. (पेपरात आम्ही ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतो. तो वेगळा कबुलीजबाब होईल.) वीझल आणि मुंगूस दोघंही मांसाहारी गणातले. पण चार-पाच कोटी वर्षांपूर्वी या गणाच्या दोन मोठ्या फांद्या झाल्या. एक श्वानसदृशांची. तिच्यावर कुत्रे, लांडगे, अस्वलं, सील, रकून आणि वीझलचं कुल मस्टेलिडी. दुसरी मार्जारसदृशांची. तिच्यावर मांजरं, वाघ, तरस, उदमांजर आणि मुंगसाचं कुल हर्पेस्टिडी.

म्हणजे नात्याने बघितलं तर मुंगूस वीझलपेक्षा वाघाला जवळचं आहे. आणि वीझल मुंगसापेक्षा सीलला. मी हे दोनदा वाचलं, तुम्हीही वाचा.

कवटी हातात घेतली तर पुरावा दिसतो. कानाच्या मागे हाडाचा एक छोटा फुगा असतो. मार्जारसदृशांमध्ये त्या फुग्यात मधोमध पडदा असतो, वन रूम किचनला मध्ये पार्टिशन टाकावं तसा. श्वानसदृशांमध्ये तसं पूर्ण पार्टिशन नसतं. लांब अंग, आखूड पाय, टोकदार तोंड, बिळात घुसायची सवय, या सगळ्यात दोघं सारखे दिसतात कारण दोघांचा धंदा सारखा आहे. धंदा सारखा असला की अंगकाठी सारखी होते. रक्त एक असावं लागत नाही.

आपल्याकडच्या नावांनी तर आणखी मजा केलीये. कोकणातल्या नद्यांत, गोव्यात चोडणच्या खारफुटीत दिसणारं पाणमांजर हे मस्टेलिडी कुलातलं. म्हणजे नावात मांजर आणि नातं वीझलशी, फांदी कुत्र्याची. उलट रात्री कौलांवरून धावणारं उदमांजर मांजराच्याच फांदीवरचं, पण मांजर नव्हे. नावं ठेवणाऱ्यांनी दिसेल ते ठेवलं, त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षं झूलॉजी शिकवणारी आजी दर घरात थोडीच असते?

खानदान बघा तर खरं

मस्टेलिडी कुलात साठहून जास्त जाती आहेत आणि हे कुल म्हणजे पक्कं एकत्र कुटुंब, कोणाचा कोणाशी मेळ नाही. लिंबाएवढा वीझल आणि चाळीस किलोच्याही पुढे जाणारं समुद्री पाणमांजर, दोघं यातलेच. ह्यू जॅकमनने पडद्यावर ज्याचं नाव गाजवलं तो वुल्व्हरिन यातला. ‘डोन्ट केअर’ मीमवाला हनी बॅजर यातला, आणि तो भारतातही आहे. बॅजर, मार्टेन, पोलकॅट, फेरेट, मिंक सगळे यातलेच. हॅरी पॉटरवाल्यांनो, रॉनचं आडनाव वीझली. त्याच्या बाबांचा पॅट्रोनस वीझलच आहे. शेजारच्या गावाचं नाव ऑटरी सेंट कॅचपोल, म्हणजे त्यात ऑटर आलं, आणि क्विडिच वर्ल्ड कपला जाताना ज्या टेकडीवर चढतात ती स्टोट्सहेड हिल. रोलिंगबाईंनी आख्खं कुल एका तालुक्यात वसवलंय.

खरे वीझल महाराष्ट्रात नाहीत, पण भारतात आहेत. सगळे हिमालय आणि ईशान्येकडे. सायबेरियन वीझल, माउंटन वीझल, पाठीवर पट्टा असलेला स्ट्राइप-बॅक्ड वीझल, पिवळ्या पोटाचा यलो-बेलीड वीझल आणि स्टोट. लडाखला बाइक घेऊन जाणाऱ्यांनी दगडांच्या राशींकडेही जरा बघावं. यलो-बेलीड वीझलचं शास्त्रीय नाव मस्टेला कथिया. काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेन्सीत असलेल्या ब्रायन हॉजसनने १८३५ मध्ये तिथलं स्थानिक नावच उचलून लॅटिनच्या शेजारी बसवलं. आणि सह्याद्रीच्या रांगेतला आपला या कुलातला नातेवाईक म्हणजे निलगिरी मार्टेन, पण तो पार दक्षिणेच्या टोकाला, आपल्या भागात येत नाही.

कोण आत, कोण बाहेर

या कुलाचा संसार पहिल्यांदा मांडला कार्ल लिनियसने. १७५८ च्या त्याच्या ‘सिस्टेमा नॅच्युरी’त मस्टेला या एकाच प्रजातीत त्याने स्टोट, मार्टेन, पोलकॅट तर घातलेच, पण पाणमांजरही घातलं. मस्टेला लुट्रा असं त्याचं नाव होतं. पाण्यात राहतं, मासे खातं, तरी याने हे नातं ओळखलं होतं. बॅजर मात्र त्याने अस्वलांत टाकला. लीस्ट वीझलला त्याने नाव दिलं १७६६ च्या बाराव्या आवृत्तीत. निव्हॅलिस म्हणजे बर्फातला, कारण उत्तर स्वीडनचा तो नमुना हिवाळ्यातला पांढरा होता. युरोपात बऱ्याच ठिकाणी वीझल वर्षभर तपकिरी, तरी नाव बर्फाचं. १७७७ मध्ये दुसऱ्या एकाने तपकिरी वीझलला वेगळी जात समजून ‘व्हल्गॅरिस’ म्हणजे ‘सामान्य’ असं नाव दिलं. पुढे दोन्ही एकच ठरले. मग टिकलं कोणतं? जुनं.

नियमच तसा आहे. जे नाव आधी छापून आलं ते चालतं, वर्णन चुकीचं असलं तरी. याचं सर्वांत भारी उदाहरण ॲमेझॉनच्या जंगलातला वीझल. १८१८ मध्ये त्याला नाव मिळालं ‘आफ्रिकाना’, कारण म्युझियममधला नमुना आफ्रिकेतून आलाय असा समज होता. तो आफ्रिकेत कधी गेलाच नाही, आणि आज दोनशे वर्षांनंतरही आफ्रिकानाच आहे. माझी कॅप्शन लिनियसच्या नियमाखाली आली असती तर मुंगूस कायमचं इंग्लंडमध्ये स्थायिक झालं असतं.

डीएनए वाचता यायला लागल्यावर घरात खरी वाटणी झाली. स्कंक, म्हणजे तो दुर्गंधीचा फवारा मारणारा काळा-पांढरा प्राणी, वर्षानुवर्षं मस्टेलिडीत धरला जायचा. १९९७ मध्ये त्याचं वेगळं कुल झालं. रेड पांडाला कधी रकूनसोबत, कधी अस्वलांसोबत बसवलं गेलं. आता तो स्वतःच्या कुलात एकटा आहे, पण त्याची जवळची शेजारघरं म्हणजे वीझल, रकून आणि स्कंक. जायंट पांडाशी त्याचं नातं फक्त आडनावापुरतं. सिक्कीम-दार्जिलिंगच्या जंगलात बांबू खात बसलेला तो गोंडस लाल गोळा आणि बिळात घुसून उंदराची मान धरणारा वीझल, हे एका वाड्यातले.

२०२१ हे तर या घराण्यातलं मोठ्या उलथापालथीचं वर्ष. अमेरिकेतले लांब शेपटीचा वीझल, ॲमेझॉनचा तो ‘आफ्रिकाना’, कोलंबियन वीझल आणि अमेरिकन मिंक, हे चौघं एकमेकांचे जितके जवळचे आहेत तितके जुन्या जगातल्या वीझलचे नाहीत, हे जनुकांतून दिसलं होतं. म्हणून त्यांना मस्टेलातून काढून निओगाले या प्रजातीत हलवलं. हे नाव नवीन नाही. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रेने १८६५ मध्ये ते सुचवून ठेवलं होतं. ग्रीकमध्ये ‘गाले’ म्हणजे वीझल, निओगाले म्हणजे नवा वीझल. आपल्या नद्यांतल्या पाणमांजराची प्रजाती लुट्रोगाले, तेही नाव ग्रेचंच आणि त्याच वर्षाचं. आणि लिओनार्दो दा विंचीच्या त्या प्रसिद्ध चित्रात, जे आज पोलंडमध्ये क्राकोला आहे, हातात अरमाइन घेतलेल्या मुलीचं आडनाव गॅलेरानी. तो ‘गाले’वरचा श्लेष असावा असं कलेचे अभ्यासक सांगतात. लिओनार्दोलाही पीजे आवडायचे म्हणायचे.

मिंकचं प्रकरण मला सर्वांत जास्त पटलं. युरोपात एक मिंक आहे, अमेरिकेत एक. दोन्ही गडद तपकिरी, दोन्ही पाण्याकाठचे, दोघांना नावही एकच. पण युरोपीय मिंक मस्टेलातला, पोलकॅटला इतका जवळचा की त्यांची संकरित पिल्लं होतात. अमेरिकन मिंक आता निओगालेत. तरी दोघांना एकच समजून चाललं असतं तर काय बिघडलं असतं? फरच्या धंद्यासाठी अमेरिकन मिंक युरोपात आणले, ते फार्ममधून निसटले आणि नदीकाठ त्यांनी बळकावले. त्यातून युरोपीय मिंक आज अगदी संपायच्या बेतात आलाय. लांबून बघणाऱ्याला मात्र नदीकाठी ‘मिंक’ दिसतोच आहे.

वाटणीत काहींना मिळतं, काहींचं जातं. २०२१ मध्येच स्टोट हा एक नसून तीन जाती आहेत असं संशोधकांनी मांडलं. त्यातला एक हैदा अरमाइन, कॅनडाच्या हैदा ग्वाय बेटांवर आणि अलास्काच्या काही बेटांवर लाखो वर्षं अलग पडलेला. कालपर्यंत तो जगभर पसरलेल्या स्टोटची एक बेटावरची शाखा होता, म्हणजे गेला तरी स्टोट होतेच. आता तो गेला तर जातच गेली. दुसरीकडे कैरोच्या घराघरांत, गल्ल्यांत माणसांच्या अंगावर वाढलेला इजिप्शियन वीझल. ती वेगळी जात मानली जायची. आकाराने मोठा म्हणून. २०१६ मधल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की तो आपला लीस्ट वीझलच आहे.

नातं कामाला येतं

इथपर्यंत वाचून माझ्या रूममेटने विचारलं, “ठीक आहे, पण कोणाला काय फरक पडतो?” प्रश्न रास्त आहे. मलाही पडला होता.

अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट संपला असं सगळ्यांनी मानलं होतं. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या एका रँचवरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला आणि कळलं की थोडे उरलेत. तेही रोगाने जायला लागले. १९८७ पर्यंत शेवटचे अठरा पकडून ठेवले, आणि आज जे आहेत ते सगळे त्यातल्या फक्त सात जणांचे वंशज. म्हणजे सगळेच एकमेकांचे जवळचे नातेवाईक, नवं रक्त कुठून आणणार? तर १९८८ मध्ये विला नावाच्या मादीच्या पेशी सॅन दिएगोत गोठवून ठेवल्या होत्या. तिची पिल्लं जगात उरली नव्हती. त्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० रोजी तिची क्लोन जन्मली, एलिझाबेथ ॲन. आणि तिला नऊ महिने नव्हे, फेरेटचे सहा आठवडे पोटात कोणी वाढवलं? साध्या पाळीव फेरेटने. ती दुसऱ्या जातीची, पण त्याच प्रजातीतली, म्हणून जमलं. काळ्या पायांच्या फेरेटांतली एखादी मादी धोक्यात घालायची गरज पडली नाही. विलाच्याच पेशींपासून झालेल्या दुसऱ्या क्लोनने, अँटोनियाने, २०२४ मध्ये स्वतः पिल्लं दिली. या जागी ‘फेरेटसारखी दिसणारी’ मुंगशीण चालली नसती.

नातं उलटही फिरतं. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसाचा फ्लू फेरेटला देऊन बघितला आणि तो आजारी पडला. माणसांचा फ्लू विषाणूमुळे होतो हे सिद्ध करायला तेव्हा फेरेटच उपयोगी पडला. पुढे काही वर्षांनी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि फ्लू परत माणसाकडे आला. आजही फ्लूचं संशोधन फेरेटवर चालतं. मग २०२० मध्ये कोविड मिंकच्या फार्ममध्ये शिरला. डेन्मार्कने नोव्हेंबरमध्ये देशातले झाडून सगळे मिंक मारायचा आदेश दिला, दीड कोटीहून जास्त. असा आदेश द्यायला कायद्याचा आधारच नव्हता हे नंतर उघड झालं, तोवर फार्म रिकामे झाले होते. मिंक फेरेटच्या कुलातला, हे माहीत असलेल्यांना तो आजारी पडला याचं फार आश्चर्य वाटलं नसणार.

आणि एक अगदी हाताशी. आर्ट कॉलेजवाल्यांनो, वॉटरकलरच्या महागड्या ब्रशवर ‘कोलिन्स्की सेबल’ लिहिलेलं असतं ना? सेबल हा मार्टेन. पण कोलिन्स्की ब्रशचे केस सेबलचे नसतातच, ते सायबेरियन वीझलच्या शेपटीचे असतात. वन्यप्राण्यांच्या व्यापारावरचा सायटिस नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सायबेरियन वीझलचं नाव भारताच्या मागणीवरून आहे. त्यामुळे रशिया-चीनमधल्या केसांच्या ब्रशलाही कागदपत्रं लागतात. २०१३ मध्ये याच कारणावरून अमेरिकेत हे ब्रश अडकले होते आणि तिथले चित्रकार वैतागले होते. सेबल या नावाने शोधत बसलं तर त्या यादीत वीझलची ओळ सापडणारच नाही.

आपल्याकडे याहून वाईट आहे. आपल्याकडच्या ब्रशांत केस असतात मुंगसाचे. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचा ब्रश विकणं, बाळगणं गुन्हा आहे. एका मुंगसाचे कामाचे केस अगदी थोडे निघतात, म्हणजे ब्रशच्या एका गठ्ठ्यामागे किती मुंगसं गेली ते तुम्हीच बघा. २०१९ मध्ये अनेक राज्यांत एकाच वेळी छापे पडले आणि हजारो ब्रश जप्त झाले. इथे ‘वीझल, मुंगूस, काय फरक पडतो’ म्हणणाऱ्याला थेट फरक पडू शकतो. एक केस कागदपत्रांचा आहे, दुसरा कोर्टाचा.

रूममेट आर्टची आहे. तिने पाऊच काढून एकेक ब्रश उजेडात धरून बघितला. तीन सिंथेटिक निघाले. चौथ्यावर काहीच छापलेलं नव्हतं. करडा, टोकाकडे फिका-गडद पट्टे असलेला. कुठून घेतला ते तिला आठवत नव्हतं. तो तिने वेगळा ठेवलाय, वापरत नाही आणि टाकवतही नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्या आजींना फोन लावला. ऑफिसच्या फोनवर नंबर राहिला होता. सगळा मजकूर वाचून दाखवला. मध्ये दोनदा “हं” म्हणाल्या, स्कंकला एकदा हसल्या. शेवटी मी विचारलं, “मॅडम, मग मराठीत वीझलला म्हणायचं तरी काय?”

“वीझलच म्हण. जो प्राणी आपल्या गावात नाही त्याला आपल्या गावाचं नाव कशाला? टेबलला टेबल म्हणतेस ना?”

मी थँक्यू म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आणि हो. तो सुतार पक्षी कोणता होता?”

कॅप्शनमध्ये मी तेही लिहिलं नव्हतं. युरोपियन ग्रीन वुडपेकर होता. सुतार पक्ष्यांच्या जगात दोनशेहून जास्त जाती आहेत.

“मग पुढच्या आठवड्यात तो शोध,” असं म्हणून त्यांनीच फोन ठेवला.